एस. बर्वे म्हणजे नक्की कोण

आमच्या घरात एक मोठा आजार निघाला, आणि पहिले चार दिवस तो चुकीच्या माणसाला झालेला होता. तो चुकीचा माणूस मी.

मी शुभांगी बर्वे, वय अठ्ठेचाळीस. मूळची पुण्याची. एकोणीस वर्षं दुबईत आहे, त्यातली बारा अल बर्शातल्या याच बिल्डिंगमध्ये. एका फर्निचर कंपनीच्या एचआरमध्ये काम करते. लोकांचे व्हिसा, इन्शुरन्स कार्डं, मेडिकलच्या तारखा, हेच माझं काम. दोनशे माणसांची तपासणी मी वेळच्या वेळी करून घेते आणि घरच्या चौघांची सहा वर्षांत केलेली नव्हती. दर वर्षी ठरवायचे. मग शाळा सुरू व्हायची, मग भारतात जायचं असायचं, मग उन्हाळा.

या वेळी मनावर घेतलं ते नवऱ्यासाठी. मिलिंदचं पोट सुटलं होतं, जिना चढताना धाप लागत होती आणि डॉक्टर म्हटलं की त्याला मीटिंग आठवायची. जवळच्या क्लिनिकमध्ये फॅमिली पॅकेज होतं, चौघांचं. एकट्या मिलिंदला नेलं असतं तर तो पळाला असता. सगळेच जातोय म्हटल्यावर त्याला बोलता येईना.

मुलगी श्रावणी एकवीस वर्षांची, इथल्याच युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, "मम्मा, आय ॲम ट्वेंटी वन. व्हॉट विल दे इव्हन फाइंड?"

"काही नसेल तर नसेल. रक्त तर द्यायचंय."

तेरा वर्षांच्या ओंकारने दोन दिवस आधीपासून तोंड फुगवलं होतं.

सगळ्यांचे फॉर्म मी भरले. चौघांसाठी मोबाइल नंबर माझा, ईमेल माझा. सवयच आहे. शनिवारी सकाळी उपाशीपोटी गेलो, ओंकार सुई बघून पांढराफटक पडला, आणि नंतर करामा भागात जाऊन चौघांनी डोसे खाल्ले. एक काम संपलं म्हणून मी इतकी खूश होते की घरी येऊन पडदे धुवायला काढले.

*

गुरुवारी ऑफिसात फोन आला.

"इज दिस एस. बर्वे?"

"येस, स्पीकिंग."

पलीकडची मुलगी नम्रपणे बोलत होती. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिलाय, किडनीचे आकडे बरोबर नाहीत, लघवीतून प्रोटीन जातंय, किडनीच्या स्पेशालिस्टना भेटायला हवं. सोमवारी सकाळची वेळ देऊ का? "डोन्ट पॅनिक मॅम, बट डोन्ट डिले."

मी वेळ लिहून घेतली. मग ईमेल उघडला. चार रिपोर्ट होते, त्यातल्या दोनांवर एस. बर्वे. एक उघडला. सगळं काळ्या अक्षरांत होतं आणि मध्येच तीन ओळी लाल. मी तो लगेच बंद केला. वरचं पूर्ण नाव वाचलं नाही, वय वाचलं नाही. वाचावंसं वाटलंच नाही, कारण मला ते आधीच पटलेलं होतं.

माझ्या आईला डायबेटिस होता, आणि शेवटची चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिच्या हातावरची ती फुगलेली शीर मी पाहिलेली आहे. आपलंही असंच होणार असं मी मनात कुठेतरी धरून चालले होते. त्यात संध्याकाळी माझे पाय जड व्हायचे, सँडलचे वळ उठायचे. हिशेब जुळला. बसमधून घरी येताना मला धक्का असा बसला नव्हता. बरं, आलं एकदाचं, असं काहीतरी वाटत होतं.

जेवताना सांगितलं. मिलिंद उठला आणि सिंकमधली सगळी भांडी घासून काढली, कुकरसकट. ओंकारने विचारलं, "इज मम्मा गोइंग टू डाय?" श्रावणी त्याच्यावर ओरडली, "शट अप, ओम!" आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

*

पुढचे तीन दिवस मी घरातली पेशंट होते. आता लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं तर मला ते दिवस आवडले. कित्येक वर्षांत "तू चहा घेतलास का" असं मला कुणी विचारलं नव्हतं. मिलिंदने वॉशिंग मशीन कसं लावायचं ते शिकून घेतलं. श्रावणीने लॅपटॉपवर किडनीबद्दल वाचून मला काय चालतं, काय नाही याची यादी फ्रिजवर लावली. पापडाचा डबा तिनेच उचलून वरच्या फळीवर टाकला. रात्री झोपायच्या आधी ती माझे तळपाय दाबायची. मी नको म्हणायचे आणि पाय मात्र बाजूला घ्यायचे नाही.

शनिवारी संध्याकाळी ती मला बर दुबईला घेऊन गेली. मीना बाझारमध्ये उगीच दोन दुकानं हिंडलो, मग अब्रात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत, बसून खाडीच्या पलीकडे गेलो आणि लगेच दुसऱ्या होडीने परत आलो. वारा गरमच होता. मी तिला म्हणाले, "मला काही झालं तर ओमच्या अभ्यासाकडे तू बघ. बाबाला नाही जमणार."

"काही होणार नाहीये तुला," ती म्हणाली. श्रावणी माझ्याशी मराठीत बोलते तेव्हा तिला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं असतं. "आणि लागली तर माझी घे ना किडनी. आय हॅव टू. यंग आहेत, फ्रेश आहेत."

आम्ही दोघी हसलो. होडीवाल्यानेही वळून पाहिलं.

*

सोमवारी सकाळी मिलिंदला ऑफिसातून निघता येत नव्हतं, म्हणून माझ्याबरोबर श्रावणी आली. माझी फाइल तिच्याच हातात. डॉक्टरबाई केरळच्या, पन्नाशीच्या. सावकाश, जपून हिंदी बोलत होत्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"श्रावणी कौन?"

"ये. मेरी बेटी," मी म्हणाले. "पेशंट मैं हूँ. शुभांगी."

त्यांनी पुन्हा स्क्रीन पाहिली. माऊस थोडा फिरवला. "शुभांगी बर्वे, फोर्टी एट. आपका तो सब ठीक है. विटामिन डी कम है, वो यहाँ सबका कम है." मग खुर्ची थोडी वळवली. "पेशंट ये है."

मी म्हणाले, काहीतरी गोंधळ आहे. फोन मला आला होता. पाय माझे सुजतात. आई माझी गेली किडनीने. हे सगळं मी हिंदीत, इंग्लिशमध्ये आणि शेवटी मराठीत म्हणाले. पर्समधून माझा एमिरेट्स आयडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, जणू तो दाखवला की आजार माझ्या नावावर होईल. बाईंनी तो शांतपणे घेतला, श्रावणीचाही मागितला, दोन्ही शेजारी ठेवून नंबर जुळवले. मग माझा मला परत दिला.

माझ्या पायांकडे माझं लक्ष गेलं. सूज कुठेच नव्हती. सँडलचे पट्टे घट्ट होते, एवढंच.

श्रावणीने इतका वेळ माझी म्हणून धरलेली फाइल स्वतःच्या मांडीवर सरळ ठेवली. "ओके," ती म्हणाली. "सो इट्स मी. ओके." आणि मग डॉक्टरांना विचारलं, "कॅन आय स्टिल गो टू क्लास टुडे?"

बाई हसल्या. "यू कॅन." मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कधी घसा खूप बिघडला होता का? त्यानंतर लघवीचा रंग बदलला होता? चहासारखा, कोलासारखा?

श्रावणीने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"लास्ट विंटर. आय टोल्ड यू, मम्मा."

सांगितलं होतं. मी ओंकारचा डबा भरत होते. म्हणाले होते, "पाणी पी. दिवसभर एसीत बसता आणि पाणी पीत नाही." दोन दिवसांनी रंग नेहमीसारखा झाला आणि ती गोष्ट मी विसरून गेले. ती विसरली नव्हती.

डॉक्टर म्हणाल्या, असं पुष्कळांचं होतं. तेव्हा कळलं असतं तर फार फरक पडला असताच असं नाही. "मे बी. मे नॉट."

*

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल मला क्रमाने काही सांगता येत नाही. खरंच येत नाही. पुन्हा रक्त, पुन्हा लघवी, सोनोग्राफी, मग बायोप्सी करायची ठरली आणि तिच्यासाठी इन्शुरन्सचं अप्रूव्हल. काउंटरवरचा माणूस रोज म्हणायचा, "टुमॉरो, इन्शाल्ला." ऑफिसात मी स्वतः लोकांना कित्येकदा हेच म्हटलंय. आता तो शब्द ऐकला की मी काउंटरवरून हलायचेच नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ याचा होता की ती आजारी दिसत नव्हती. मित्रमैत्रिणींबरोबर मॉलमध्ये जात होती, असाइनमेंट करत होती, ओंकारशी रिमोटवरून भांडत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. डोळ्यांखाली सूज आहे का? ही आळसावलेली आहे की दमलेली? आई आजारी होती तेव्हा ते दिसत होतं. इथे आजार कागदावर होता आणि मुलगी समोर सोफ्यावर चिप्स मागत होती.

चिप्स बंद केले होते. मीठ कमी झालं होतं, सगळ्यांचंच. मिलिंद मुकाट्याने अळणी आमटी खायचा. ओंकार एकदा ताट सरकवून म्हणाला, "आय ॲम नॉट इव्हन सिक!" आणि मग स्वतःच रडायला लागला.

पुण्याच्या माझ्या नणंदेला कसं कोण जाणे कळलं. तिने मिलिंदला फोन केला. "कुणाला बोलू नका रे. मुलीचं लग्न व्हायचंय." मिलिंद म्हणाला, "ताई, आम्हाला अजून आजाराचं नावसुद्धा कळलेलं नाही, आणि तू लग्नाचं काय काढतेस?" आणि फोन ठेवला. मोठ्या बहिणीचा फोन त्याने असा कधी ठेवलेला मला आठवत नाही.

*

बायोप्सीचा दिवस मात्र मला पूर्ण आठवतो. त्यांनी तिला पालथं झोपवलं, पाठीत भूल दिली आणि पंधरावीस मिनिटांत काम झालं. खरा त्रास नंतरचा. सहा तास उताणं, हलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. दर थोड्या वेळाने बीपी. आणि लघवी झाली की ती छोट्या बाटलीत भरून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवायची, म्हणजे आतून रक्त जातंय का ते रंगावरून कळतं.

फिलिपिन्सची एक नर्स होती, बुटकी, भरभर चालणारी. मला "मामा" म्हणायची. पहिल्या बाटलीचा रंग गुलाबी होता. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. "वेट, मामा. फर्स्ट वन ऑल्वेज शाय," ती म्हणाली. दुसरी फिकट. तिसरी त्याहून फिकट. चौथी अगदी नेहमीसारखी पिवळी. नर्सने ती उजेडात धरली आणि म्हणाली, "ब्यूटिफुल!" आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, मुलीच्या लघवीच्या बाटलीकडे बघून टाळ्या वाजवल्या.

"मम्मा, प्लीज," श्रावणी छताकडे बघत म्हणाली. "धिस इज द मोस्ट एम्बॅरसिंग डे ऑफ माय लाइफ." पण हसत होती. हसू नको, टाके नसले तरी हसू नको, असं नर्स तिला ओरडली.

तिची पाठ अवघडली तेव्हा त्याच नर्सने टॉवेलची छोटी गुंडाळी करून कमरेच्या पोकळीत सरकवली. डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिला सुचलं.

*

रिपोर्ट आला. नाव मोठं आहे, मी अजून अडखळते. साध्या भाषेत सांगायचं तर आपल्याच शरीरातलं काहीतरी किडनीच्या गाळणीत साचत राहतं आणि गाळणी हळूहळू खराब होते. माझ्या आईचा आजार वेगळा, हा वेगळा. मी तीनदा विचारलं, माझ्याकडून आलाय का? बाई तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी असं वाटलं की आता पकडायला काहीच उरलं नाही.

गोळी दिली ती बीपीची. श्रावणीला बीपी नाही. मग बीपीची गोळी का? तर त्याने प्रोटीन जायचं कमी होतं. कमी होईल? मे बी. पुढे किडनी जाईल? मे बी नॉट, तीस वर्षं नीट राहतात लोक. आणि नाही राहिली तर? देन वी विल सी. आई डायलिसिसवर होती तेव्हा दिवस वाईट होते, पण मंगळवार आणि शुक्रवार ठरलेले होते. इथे वार नव्हता.

कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर दोनच गोष्टी सांगते. सगळ्या घराची तपासणी जरूर करा, पण मोठ्या मुलांचे रिपोर्ट त्यांच्याच फोनवर जाऊ द्या. आणि मुलं शरीराबद्दल काही विचित्र सांगायला आली तर हातातला डबा खाली ठेवून ऐका. पहिली गोष्ट मला जमायला फार वेळ लागला, तो कसा ते पुढे येतं आहे.

*

रिपोर्टनंतरच्या दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी श्रावणीला विचारलं, झोप कशी आहे? मी म्हणाले, उशिरा झोपते. गोळी चुकते का? मी म्हणाले, नाही, मी स्वतः देते. पायाला सूज? मी म्हणाले, नाही, रोज बघते. मग रक्तातल्या त्या किडनीच्या आकड्याबद्दल म्हणाले, "डॉक्टर, हमारा क्रिएटिनिन कब कम होगा?"

श्रावणीने फाइल बंद केली. मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर आलो तेव्हा थांबली.

"मम्मा, यू हॅड इट फॉर फोर डेज. इट वॉज अ मिस्टेक." आणि मग मराठीत, "आता ते माझं आहे. मला धरू दे."

मी म्हणू नये ते म्हणाले. "मलाच झालं असतं तर बरं झालं असतं."

"आय नो! तुझा चेहरा रोज तेच म्हणतो. मला कसं वाटतं त्याने, तू विचारलंस कधी?"

ट्रेन आली. ती एका दारातून चढली, मी दुसऱ्या.

तीन दिवस आम्ही गरजेपुरतं बोललो. गोळ्यांची पट्टी तिने स्वयंपाकघरातून उचलून स्वतःच्या खोलीत नेली. मी मिलिंदकडे तक्रार केली, तिने गोळी घेतली की नाही मला कसं कळणार? तो टीव्ही बंद करून म्हणाला, "शुभा, ऑफिसात तू लोकांचे फॉर्म भरतेस. सही कोण करतं?"

"ते."

"मग?"

मला राग आला. त्याच्यासाठी म्हणून ही सगळी तपासणी काढली होती, त्याचं कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं निघालं आणि तो मला शिकवत होता. तरी चौथ्या दिवशी मी श्रावणीच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि तिचा क्लिनिकमधला मोबाइल नंबर बदलून घ्यायचा आहे, तर कुठला देऊ असं विचारलं. तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आय विल डू इट. पण थँक यू."

*

गेल्या महिन्यात पुढची तपासणी होती. मेसेज तिच्याच फोनवर आला. तारीख तिने मला जेवताना सांगितली. "ये," ती म्हणाली, "पण बाहेर बस. ओके?"

बाहेर बसले. आत बसण्यापेक्षा ते कितीतरी कठीण असतं. समोर एक अरब आजी व्हीलचेअरवर होत्या, त्यांचा मुलगा त्यांना खजूर भरवत होता. मी आदल्या दिवशी कागदावर अकरा प्रश्न लिहून आणले होते. श्रावणीला द्यावेत असं सारखं वाटत होतं. दिले नाहीत. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. एवढा वेळ का? चांगलं असेल तर लगेच सोडतात. वाईट असेल तर आईला बोलावतात. मग यातलं काय समजायचं?

दार उघडलं. ती बाहेर आली, मला हात केला आणि माझ्याकडे न येता खिडकीजवळ जाऊन फोन लावला. बाबाला. मिलिंदशी ती बरेचदा मराठीतच बोलते, तो इंग्लिशला दाद देत नाही म्हणून.

"बाबा, कमी झालंय. प्रोटीन. जवळजवळ अर्ध्यावर." मग ऐकत राहिली. "नाही, गेलं नाहीये. जाणार नाही म्हणाली पूर्ण. पण क्रिएटिनिन तेवढंच आहे, वाढलं नाही... हो. सहा महिन्यांनी परत." पुन्हा थांबली. "मी? बरी आहे. म्हणजे बरी नाहीये, पण ठीक आहे. कळलं ना?"

मला कळलं. इतके महिने लोक विचारत होते, मुलगी कशी आहे, आणि मला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

"मम्मा? आहे ना इथे, बसलीये," ती फोनवर म्हणाली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. "नाही. अजून काहीच विचारलं नाही तिने. आय नो! आय ॲम ऑल्सो शॉक्ड."

मी अकरा प्रश्नांचा कागद दुमडून पर्समध्ये ठेवला. तिने फोन ठेवला, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि आपणहून पहिल्यापासून सांगायला लागली.